कळंबा रोड साईट, बी विंग: ताबा कधी देताय आणि आम्हालाच व्याज कसलं लावताय?

बिल्डर साहेब, नमस्कार.

तुमच्या ऑफिसात फोन लावला की एकच टेप वाजते, कोरोनामुळं काम लेट झालंय. म्हणून आता लेखी पाठवतोय, उत्तर पण लेखीच द्या.

मार्च २०२० मध्ये काम बंद केलं त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. बंद करायलाच पाहिजे होतं, लोकांच्या जिवापेक्षा आमचा फ्लॅट मोठा नाही. पण बंदला पण काही हिशेब असतोय की नाही? महारेरानं (बिल्डरांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) पहिल्या लाटेला सहा महिने वाढवून दिले, दुसऱ्या लाटेला परत सहा. अॅग्रीमेंटमध्ये ताबा डिसेंबर २०२० चा, दोन्ही मुदती तुमच्या पदरात टाकल्या तरी डिसेंबर २०२१ होतोय. आता मे २०२२ चाललाय आणि बी विंगला आतून गिलावा पण नाही.

आणि २० एप्रिल २०२० पासूनच, जिथं कामगार साईटवरच राहत्यात तिथं काम सुरू करायला केंद्रानं परवानगी दिलेली, २०२१ च्या निर्बंधात पण तसंच होतं. तुमच्याकडं पत्र्याच्या खोल्या होत्या, माणसं होती, पण त्यांच्या रेशनपाण्याचं कुणी बघितलं नाही मग ती गेली गावाकडं, त्यांना कशाला नावं ठेवायची. नंतर आसपासच्या साईटी सुरू झाल्या, आपली मात्र तशीच. स्टॅम्प ड्युटी कमी झाली तेव्हा मात्र तुमच्या नवीन स्कीमचं बुकिंग जोरात चाललेलं, त्याला कोरोना आडवा आला नाही.

परवा साईटवर जाऊन आलो. कॉलमच्या वरच्या सळ्या गंजून लाल झाल्यात, हात लावला की पापुद्रे निघतात. लिफ्टच्या खड्ड्यात हिरवं पाणी आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळतायत. साथीच्या नावानं काम बंद ठेवायचं आणि तिथंच डेंग्यूची सोय करायची, भारीच की! वॉचमन म्हणाला, साहेब लोक इकडं फिरकतच नाहीत.

आता मेन मुद्दा. लॉकडाऊनमध्ये माझा पगार निम्मा झाला, एक हप्ता उशिरा भरला तर तुम्ही १८ टक्क्यानं व्याज लावून नोटीस धाडली. तुमच्या उशिराला मात्र शून्य. रेरा कायद्यात (बिल्डर आणि घर घेणाऱ्यांचा कायदा) दोन्ही बाजूंना व्याजाचा रेट एकच आहे, आणि ताबा लांबला तर कलम १८ खाली दर महिन्याचं व्याज तुम्ही द्यायचंय. बँकेनं ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते थांबवायची सवलत दिली पण व्याज चालूच होतं, ते आमच्याच बोकांडी बसलं, वर घरभाडं आहेच.

तर ती नोटीस मागं घ्या. जानेवारी २०२२ पासूनचं आमचं व्याज पुढच्या हप्त्यातून वळतं करा. ताब्याची तारीख कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी द्या, तोंडी "दिवाळीपर्यंत" आता चालणार नाही. पंधरा दिवसात उत्तर आलं नाही तर बी विंगचे आम्ही सगळे मिळून महारेराकडं ऑनलाईन तक्रार टाकतोय, कागद तयार आहेत.

आणि त्या खड्ड्यातलं पाणी आधी उपसा, पाऊस तोंडावर आलाय.

बी विंग, तिसरा मजला