श्रेयपानाच्या तळाशी मुद्रक म्हणून ज्यांचं नाव आहे, त्यांना

काका,

सा. न. वि. वि.

माझं कवितांचं पुस्तक आलं, ओळखीच्यांनी बरं म्हटलं, एका अनोळखी गृहस्थांनी फोनवर शिव्या घातल्या. म्हणजे आता आभार मानायला हरकत नाही. प्रकाशनाला तुम्ही मागच्या रांगेत बसलात आणि चहाच्या आधीच सटकलात, म्हणून हे असं चारचौघांत.

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका छापखान्यात गेलो होतो. मालक सज्जन. म्हणाले, "कविता छान आहेत हो, पण त्या फ्लेक्सवरच्या तेवढ्या काढा. आमची निवडणुकीची कामं असतात." मला त्यांचा राग आला नाही. नगरसेवकाचा कार्य अहवाल, चौरंगी पत्रकं, वाढदिवसाची पोस्टरं यांवर त्यांची मशिनं चालतात. माझ्या तीनशे प्रतींवर कोणाचं घर चालणार? अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर व्याख्यानं देताना आपण बंदी, दडपशाही असे मोठे शब्द वापरतो. पुण्यात कविता अडते ती बहुतेक वेळा अशीच, पुढच्या ऑर्डरपाशी. पोलिसांची गरजच पडत नाही.

तुम्ही मात्र नारायण पेठेतल्या त्या अंधाऱ्या तळमजल्यावर, नॅचरल शेडच्या कागदाच्या रिमांना टेकून, सगळं बाड उभ्याने वाचलंत. शिसपेन्सिलीने एकाच ओळीखाली रेघ मारलीत. मला वाटलं, झालं, इथेही तेच. तर तुम्ही म्हणालात, "घाबरून सांगत नाहीये. ओळ ढिली आहे. नुसती चिडलीये. एवढी चिडचिड पत्रकात चालते." ती ओळ होती 'हे सारेच चोर आहेत'. तिच्या जागी आता शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो आहेत, एकाखाली एक, आणि फ्लेक्सने झाकलेलं बसस्टॉपचं नाव. फोनवरच्या गृहस्थांना हीच ओळ झोंबली होती. "तो आमचाच स्टॉप आहे, कळतं आम्हाला!" म्हणे. चोर म्हटलं असतं तर त्यांनी फोन केला नसता. चोर म्हणजे कायम दुसरेच कोणीतरी. राजकीय कविता कशी लिहावी यावर मी पुष्कळ परिसंवाद ऐकले. तुमच्या पेन्सिलीइतकं नेमकं कोणी बोललं नाही.

पण आभार खरे त्याच्या पुढच्या गोष्टीचे. श्रेयपानाचं प्रूफ आलं तेव्हा मीच म्हणालो, तुमचं नाव नको घालायला, उगाच तुम्हाला त्रास. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव सक्तीचं होतं. २०२३ च्या नव्या कायद्याने तो जुना मोडीत निघाला आणि नव्यातून पुस्तकं वगळली गेली. म्हणजे सक्ती नव्हतीच. तुम्ही प्रूफ ओढून घेतलंत आणि मोकळ्या ओळीत नाव, पत्ता, पिनकोडसकट लिहिलंत.

त्या रात्री मी जुने खटले काढून बसलो. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आली. महाराज जागे होऊन राज्याची दशा पाहतात, अशी कल्पना. राजद्रोहाच्या खटल्यात हीच कविता टिळकांविरुद्ध वाचली गेली आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हे शाळेपासून माहीत असतं. त्यांच्या शेजारी, आरोपीच्याच पिंजऱ्यात, 'केसरी' छापणारे केशव महादेव बाळ उभे होते, हे किती जणांना ठाऊक आहे? ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवलं, आणि इतिहासाने विसरून टाकलं.

शंभर वर्षं उलटत आली तरी गोष्ट तीच. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात छापली गेली. तक्रार आपल्या पुण्यातून, गुन्हा लातूरला, कलम अश्लीलतेचं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला मे २०१५ मध्ये. आधीच माफी मागितली होती म्हणून प्रकाशक आणि मुद्रकावरचे आरोप रद्द झाले, कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं गेलं. दोन्हीकडे कवितेत बोलतोय एक मोठा माणूस, आणि त्याच्या तोंडच्या शब्दांचा जाब कोर्टात लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांना. कवितेत बोलणारा 'मी' म्हणजे कवी नव्हे, हे आम्ही एफ. वाय. च्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. कायद्याच्या गळी ते अजून पुरतं उतरलेलं नाही. आणि प्रत्येक वेळी छापणारा शेजारी उभा. त्याने ती कविता लिहिलेली नसते. आवडलेली असते असंही नाही.

तुम्हालाही माझ्या सगळ्या आवडल्या नाहीत. नदीवरची तर तुम्ही "लांबलीये" म्हणून बाजूला सारलीत, आणि तरी छापलीत. कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. न आवडलेल्या कवितेखाली आपला पत्ता लिहिणारा मला दुसरा भेटलेला नाही.

बाइंडिंगच्या मावशींनाही सांगा, एकाही प्रतीत फर्मा, म्हणजे पानांचा घडी घातलेला गठ्ठा, उलटा लागलेला नाही. आणि काका, तुमच्या बिलात कागद आहे, प्लेट आहेत, टेम्पोसुद्धा आहे. प्रूफं वाचल्याचे पैसे कुठेच लावलेले नाहीत. ते लावून नवीन बिल पाठवा, त्याशिवाय मी चेक देणार नाही.

तुमचा,
नदीची कविता लांबवणारा