बँड वाजत असताना जागेवर बसू या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शहरात नुकत्याच झालेल्या एका आंतरशालेय बँडपथक स्पर्धेला मी आजोबा या नात्याने उपस्थित होतो. माझी नात आठवीत शिकते आणि तिच्या शाळेच्या पथकात साइड ड्रम वाजवते. त्याआधी २२ वर्षे मी स्वतः एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून बँडपथक सांभाळले, त्यामुळे मैदानाच्या आतली बाजू मला पुरती ठाऊक आहे. पण प्रेक्षकांत बसून पहिल्या पथकापासून शेवटच्या पथकापर्यंत स्पर्धा पाहण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. मुलांनी जे वाजवले ते ऐकून मन भरून आले. आम्हा प्रेक्षकांचे वागणे पाहून मात्र वाईट वाटले, आणि हे वागणे बहुतेक वेळा वाईट हेतूने नव्हे, तर माहिती नसल्यामुळे घडते असे वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

टाळ्यांचा मुद्दा आधी मांडतो, कारण त्यात प्रेक्षकांचा हेतू सर्वांत चांगला असतो आणि मुलांचे नुकसान सर्वांत जास्त होते. ओळखीची धून सुरू झाली की आपल्याकडे सगळे प्रेक्षक ठेक्यावर टाळ्या वाजवू लागतात. संचलनाची नेहमीची गती मिनिटाला १२० पावले, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद, अशी असते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पथक आपल्यापासून ५० मीटरवर असेल, तर बेस ड्रमचा ठोका आपल्यापर्यंत यायला जवळजवळ ०.१५ सेकंद लागतो. त्या ठोक्यावर आपण वाजवलेली टाळी मुलांपर्यंत परत जायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. आपल्याला टाळी अगदी ठेक्यात पडल्यासारखी वाटते, पण मुलांच्या कानावर ती ०.३ सेकंद उशिरा, म्हणजे दोन पावलांच्या जवळजवळ मधोमध येऊन आदळते. दहावीतली सरावलेली मुले तिच्याकडे दुर्लक्ष करू शकतात. सहावी-सातवीतली मुले नकळत टाळ्यांच्या मागे जातात, आणि मग पुढची रांग एका पावलावर आणि मागची दुसऱ्या पावलावर पडू लागते. म्हणूनच आम्ही मुलांना पहिल्या दिवसापासून सांगत असू की लांबून येणाऱ्या आवाजावर पाऊल टाकायचे नाही, पथकाच्या पुढे चालून काठीने ठेका आणि खुणा देणाऱ्या ड्रम मेजरच्या काठीवर टाकायचे. काठी दिसायला वेळ लागत नाही. हे सांगणे सोपे असते, पण हजारभर लोक चुकीच्या ठिकाणी टाळी देत असताना ते पाळणे तेरा वर्षांच्या मुलीला फार अवघड जाते.

मिरवणुकीतली गोष्ट वेगळी आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या किंवा लेझमीच्या पथकाला आपण दोन हातांच्या अंतरावरून टाळ्यांची साथ देतो. तिथे आवाजाला जायला-यायला वेळच लागत नाही आणि ती साथ वाजवणाऱ्यालाही हवी असते. तीच सवय आपण मैदानावर नेतो. बँडपथकाला टाळ्या द्याव्यात, अगदी भरभरून द्याव्यात, परंतु त्या पथक मैदानात येताना, एक धून संपून दुसरी सुरू होण्याआधी, अवघड रचना पुरी झाल्यावर आणि शेवटच्या सलामीनंतर. मधल्या एखाद्या कडव्यात ड्रम थांबतात आणि नुसती बासरी किंवा एकटा ट्रम्पेट वाजतो. हळू आणि तरीही सुरात वाजवणे हे जोरात वाजवण्याहून कितीतरी कठीण असते, कारण फुंक कमी केली की सूर उतरू पाहतो. त्या वेळी परीक्षकांचे कान तिथेच लागलेले असतात, आणि नेमके तेव्हाच शेजारच्या खुर्चीवरचा मोबाइल खणाणतो.

शिट्ट्यांबद्दलही असेच सांगावेसे वाटते. कोल्हापूर हे फुटबॉलवेडे शहर आहे आणि शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडण्यात गैर काहीच नाही. पण बँडच्या मैदानावर शिट्टी म्हणजे आज्ञा असते. अनेक शाळांच्या पथकांत वळण घेण्यासाठी, थांबण्यासाठी आणि धून बदलण्यासाठी ड्रम मेजर शिट्टीची खूण देतो. त्या दिवशी प्रेक्षकांतून कोणी उत्साहाने लांब शिट्टी मारली आणि एका पथकाची मागची रांग चार पावले आधीच वळली. रांग सावरायला अर्धे मैदान गेले. त्या मुलांचे गुण गेले असतील किंवा नसतील, ते मला माहीत नाही. पण मैदानाबाहेर आल्यावर मागच्या रांगेतली मुले एकमेकांना दोष देताना मी ऐकली, आणि दोष त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता.

सादरीकरण चालू असताना होणारी ये-जा हा तिसरा त्रास. कोणी भडंगाचा पुडा घेऊन येतो, कोणी आपल्या मुलाचा फोटो घ्यायला उठून कठड्याशी जाऊन उभा राहतो, त्याच्यामागचे चार जण म्हणून उभे राहतात, आणि पाहता पाहता मागच्या पाच ओळींना फक्त पाठी दिसतात. बँडची कवायत ही पूर्ण मैदान एका नजरेत दिसले तरच कळणारी गोष्ट आहे. रांगेतून वर्तुळ आणि वर्तुळातून पुन्हा रांग कशी झाली हे कठड्याजवळ उभे राहून मोबाइलच्या पडद्यात दिसत नाही. अमेरिकेत शाळांच्या मार्चिंग बँडच्या स्पर्धा फुटबॉलच्या मैदानांवर भरतात आणि एखादे पथक वाजवत असताना उशिरा आलेल्या प्रेक्षकाला दाराशीच थांबवून दोन पथकांच्या मधल्या वेळेत आत सोडण्याची पद्धत तिथे रूढ आहे. आपल्याकडे हे अवघड का असावे? दारावर दोन स्वयंसेवक उभे केले की भागते. मात्र हा नियम व्यासपीठालाही लागू व्हायला हवा. एक पथक ऐन रंगात असताना ध्वनिक्षेपकावरून पाहुण्यांच्या आगमनाची घोषणा झाली, हार-तुरे सुरू झाले आणि संयोजकांपैकीच काही जण मैदानाच्या कडेने चालत गेले. पाहुण्यांनीही पाच मिनिटे थांबायला आनंदाने होकार दिला असता, असे मला मनापासून वाटते.

या शहराला बसून पाहणे आणि कान देऊन ऐकणे शिकवावे लागू नये. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान असे बांधून घेतले, की कडेला बसलेल्या माणसालाही मधली कुस्ती दिसावी, आणि तिथे पुढचा कोणी उभा राहिला की मागून ‘खाली बसा’ असा आवाज आजही उठतो. अल्लादिया खाँसाहेब याच शहरात दरबारगायक होते, आणि देवल क्लब या इथल्या जुन्या संगीतसंस्थेत गाणे चालू असताना समेवर दाद कधी द्यावी आणि स्वस्थ कधी बसावे हे जाणणाऱ्या श्रोत्यांच्या पिढ्या इथे घडल्या. शाळेच्या पटांगणावर बिगुल वाजवणाऱ्या मुलालाही तेच कान मिळावेत, एवढेच माझे मागणे आहे.

आता एक गोष्ट, जी लिहिताना अजूनही अस्वस्थ होतो. एका पथकातल्या झांज वाजवणाऱ्या मुलीची टोपी वळताना खाली पडली. अशा वेळी वाकायचे नाही, पाहायचे नाही, रांग सोडायची नाही, असे मुलांना शिकवलेले असते. टोपी नंतर कोणीतरी उचलतो. तिने ते तंतोतंत पाळले, तिची पुढची झांज एका क्षणानेही चुकली नाही. प्रेक्षकांत मात्र हशा पिकला, आणि संध्याकाळपर्यंत तो प्रसंग मोबाइलवर फिरू लागला होता, वर हसणाऱ्या चित्रांसह. मुलांचे चित्रण करणाऱ्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे की आपल्या पाल्याचे चित्रण जरूर करा, पण दुसऱ्याच्या मुलाची चूक कोणालाही पाठवू नका. त्या मुलीने त्या दिवशी जे करून दाखवले ते सगळ्या स्पर्धेतले सर्वांत शिस्तीचे काम होते. आणि आपल्या मुलाला नावाने हाक मारून हात हलवायला लावणे, हेही टाळावे. त्याची मान वळली की त्याच्या डावी-उजवीकडच्या दोघांची ओळ बिघडते. दुसऱ्या शाळेच्या पथकाबद्दलचे आपले मत फाटकाबाहेर जाईपर्यंत मनात ठेवावे, कारण त्या शाळेचे पालक बहुधा आपल्याच मागच्या ओळीत बसलेले असतात.

शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय यांच्या वतीने राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा होते. ब्रास बँड (पितळी वाद्यांचा) आणि पाइप बँड (बॅगपाइपचा), मुले आणि मुली असे तिचे गट असतात आणि अंतिम फेरी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास दिल्लीत होते. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी तिथे जावे असे आपल्या सर्वांनाच वाटते. त्यांच्या कानांना आणि पावलांना त्याची सवय इथल्या मैदानांवरच लागायची आहे.

स्पर्धेतला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला होता. माझ्या नातीच्या शाळेचे पथक तिसरे होते आणि ते वाजवून बाहेर पडताच आमच्या भोवतीच्या तीन ओळी उठल्या. पुढच्या प्रत्येक पथकानंतर असेच घडत गेले. शेवटची चिठ्ठी ग्रामीण भागातल्या एका शाळेला लागली होती. त्या मुलांचे पालक कामाचा दिवस असल्याने आले नसावेत. त्यांचा ड्रम मेजर चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्याने मोकळ्या खुर्च्यांच्या समोर पथक उभे केले, काठी छातीशी आणली आणि मैदान भरलेले असताना द्यावी तशीच सलामी दिली. आम्ही राहिलेले पंधरा-वीस जण उभे राहून टाळ्या वाजवत होतो, पण मंडपवाल्यांची माणसे तोवर खुर्च्या गोळा करू लागली होती आणि त्या आवाजात आमच्या टाळ्या त्याच्यापर्यंत पोहोचल्या की नाही, हे मला सांगता येणार नाही. पुढच्या स्पर्धेला येताना पालकांनी सबंध दुपार मोकळी ठेवून यावे, आणि संयोजकांनी शेवटचे पथक मैदानाबाहेर पडेपर्यंत एकही खुर्ची उचलू देऊ नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
कोल्हापूर