नाण्याचे साल छापता, तशी प्रतवारीही छापावी

महोदय,

एखादे नाणे मोठ्या किमतीला विकले गेले की त्याची बातमी होते आणि तिच्यात साल ठळक छापलेले असते. लगेच घरोघरी डबे उपडे होतात, त्या सालाचे नाणे सापडते आणि ते चकचकीत दिसावे म्हणून चिंचेने घासले जाते. नाण्याला जी काही किंमत होती, ती तिथेच संपते. बातमीत प्रतवारी, म्हणजे नाण्याच्या अवस्थेला दिलेला दर्जा, छापली असती तर हे टळले असते. एकाच टाकसाळीतून एकाच वर्षी निघालेल्या दोन नाण्यांपैकी एक दर्शनी किमतीचे राहते, तर दुसरे शेकडो पटींनी विकले जाते. हा फरक सालाने पडत नाही, अवस्थेने पडतो.

बँकेतून दर्शनी किमतीला रोल (एकाच प्रकारच्या नाण्यांची गुंडाळी) आणून त्यातून संग्राह्य नाणी वेचण्याचा छंद अमेरिकेत रुजलेला आहे, म्हणून उदाहरणे तिथली देतो. सेंटच्या रोलमध्ये ५० नाणी असतात, क्वार्टरच्या (२५ सेंट) ४० आणि हाफ डॉलरच्या (५० सेंट) २०. रोल उघडल्यावर नाणी लगेच पसरू नयेत. आधी ओळीने लावून त्यांची काठ पाहावी. १९६४ सालापर्यंतच्या डाइम (१० सेंट), क्वार्टर आणि हाफ डॉलरमध्ये ९० टक्के चांदी असल्याने काठ सलग पांढरी दिसते. पुढच्या नाण्यांच्या काठावर तांब्याची पट्टी उघड दिसते. फसगत होते ती १९६५ ते १९७० च्या हाफ डॉलरमध्ये. त्यात ४० टक्के चांदी असते, पण काठावर तांबूस छटा असल्यामुळे घाईत ती बाजूला टाकली जातात. वजनाचा आधारही इथे तोकडा पडतो. ९० टक्केवाले नाणे १२.५ ग्रॅमचे, ४० टक्केवाले ११.५ आणि बिनचांदीचे ११.३४ ग्रॅमचे. शेवटच्या दोहोंतला फरक इतका कमी आहे की तो झिजेतच बुडतो, म्हणून साल वाचावेच. १९८२ च्या सेंटचे उलटे आहे. त्या वर्षी धातू बदलला, पण साल तेच राहिले. त्यामुळे तांब्याचे (३.११ ग्रॅम) की जस्ताचे (२.५ ग्रॅम) हे काट्यावरच कळते.

सर्वाधिक घोळ दुहेरी ठशाबद्दल होतो. साच्यातच आकृती दोनदा उमटली असेल, तर त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर अक्षरे जाड दिसतात, दुसरी प्रतिमा पहिलीइतकीच उठावदार व गोलसर असते आणि अक्षरांच्या टोकांना खाच दिसते. १९५५ आणि १९७२ चे प्रसिद्ध सेंट असेच आहेत. याउलट ठोकताना साचा जरासा सरकला, तर अक्षराच्या कडेला चपटी पायरी पडते आणि मूळ अक्षर बारीक होते. या दुसऱ्या प्रकाराला जवळपास काहीच मोल नसते, पण ‘दुर्मीळ चूक’ म्हणून विकायला काढलेली बहुतेक नाणी याच प्रकारची असतात. काठ कापलेल्या नाण्याची चूक टाकसाळीतली आहे की नंतरची, याचीही खूण आहे. ठसा उमटण्याआधीची कोरी चकतीच अपुरी कापली गेली असेल, तर कापलेल्या भागाच्या बरोबर समोरची कड पुसट उमटते. समोरची कड ठसठशीत असेल, तर नंतर कुणीतरी कानस चालवली असण्याची शक्यता मोठी.

आता प्रतवारी. अमेरिकी नाणेअभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० ची मोजपट्टी आज जगभर वापरली जाते. ६० आणि त्यावर नाणे वापरातले नसते, म्हणजे त्यावर झीज अजिबात नसते. हे ओळखायला ५ ते ७ पट मोठे दाखवणारे भिंग आणि एकच दिवा पुरेसा आहे. दिव्याखाली नाणे हळूहळू तिरके करत फिरवावे. अस्सल झळाळी असेल, तर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आरीसारखा सलग फिरतो. गाल, केस अशा उंचवट्यांवर तो तुटून करडा डाग दिसला, तर ती झीज, आणि नाणे ५८ किंवा त्याखाली. मात्र उंचवटा सपाट असूनही पट्टा त्यावरून अखंड गेला, तर ठोक (ठसा उमटवतानाचा दाब) कमी पडलेली असते, झीज नव्हे. नवशिके इथेच हटकून चुकतात. रोलमधल्या नव्या नाण्यांवरही एकमेकांवर आदळून ओरखडे आलेले असतात आणि टोकाच्या नाण्यांवर गुंडाळणाऱ्या यंत्राची वर्तुळाकार खूण पडते. ६५ च्या वरची प्रत रोलमध्ये क्वचितच मिळते, ती त्यामुळे.

घासलेल्या नाण्यावर एकाच दिशेने जाणारे केसासारखे बारीक चरे दिसतात आणि ते कायमचे असतात. चिंच, लिंबू, दंतमंजन, पितांबरी यांपैकी काहीही लावू नये. पीव्हीसी या मऊ प्लास्टिकच्या पाकिटाने हिरवट चिकट थर आणला असेल, तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात बुडवून ठेवावे, ताज्या ॲसिटोनने विसळावे आणि न पुसता वाळू द्यावे. खोली हवेशीर हवी, जवळपास ज्योत नको. नेलपॉलिश काढण्याचे द्रव चालत नाही, कारण त्यात रंग आणि तेल मिसळलेले असते. नंतर नाणे पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवावे आणि नेहमी काठालाच धरावे.

आपल्याला विनंती अशी, की यापुढे नाण्याच्या विक्रीची बातमी देताना सालासोबत टाकसाळीची खूण, प्रतवारीचा आकडा, तो कोणत्या संस्थेने दिला आणि नाणे सीलबंद होते की सुटे, या चार गोष्टी छापाव्यात. सोबत ‘नाणे स्वच्छ करू नका’ ही एक ओळ द्यावी. प्रतवारी करून घेण्याचे शुल्क पुष्कळदा नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त पडते, हेही वाचकांना आधीच कळलेले बरे.

आपला,
एक नाणेसंग्राहक