आधी बघून मग बोलणाऱ्या ताईंना

ताई,

नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार, कारण माझी टिंगलही चारचौघांतच झाली होती.

‘डोन्ट स्टार्व्ह टुगेदर’ या कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या पात्राचं वजन खाण्यापिण्याप्रमाणे वाढावं आणि उपासमारीत घटावं, एवढ्यासाठी माझा मॉड, म्हणजे खेळात वरून घातलेला बदल, होता. परवा तो गुहा (खेळातला जमिनीखालचा भाग, हवा तर सुरू करायचा) सुरू असलेल्या जगात, आम्हा मित्रांच्या वेगवेगळ्या मशीनवर, खेळातला अख्खा हिवाळाभर चालला. सगळ्यांच्या पडद्यावर वजनाचा एकच आकडा. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात घोळतंय.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी थोडं सांगतो. कॅनडातल्या क्लेई कंपनीचा मूळ ‘डोन्ट स्टार्व्ह’ २०१३ साली आला; ‘टुगेदर’ ही त्याचीच मित्रांसोबत खेळायची आवृत्ती. रानात एकट्याला सोडतात आणि उपाशी मरू नकोस म्हणतात. विल्सन नावाच्या पात्राच्या पोटात भुकेचे १५० गुण मावतात आणि रोज ७५ जळतात. तिथला दिवस आठ मिनिटांचा. मीटबॉलच्या एका वाडग्याने भूक ६२.५ने भरते. पण पोट १४०वर असताना तो वाडगा संपवला, तर दहा पोटात जातात आणि उरलेले साडेबावन्न चक्क वाया. मला हेच खुपायचं. खऱ्या शरीरात असं होत नाही. सुगीत कणगी भरून ठेवावी तसं शरीर जास्तीचं साठवतं आणि नडीला काढून वापरतं. खेळातला हिवाळा १५ दिवसांचा, म्हणजे ११२५ची भूक, म्हणजे मीटबॉलचे अठरा वाडगे. त्यातलं थोडंफार तरी अंगावर साठवून हिवाळ्यात शिरता आलं पाहिजे, ही माझी कल्पना.

यामागे माझी आजी आहे. ती १९७२च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होती. सुकडीची आठवण सांगताना ती हमखास म्हणायची, ज्यांच्या अंगावर आधीचं काही होतं ती माणसं तगली. आमच्या घरात कुणाच्या अंगाला नावं ठेवलेली तिला खपायची नाहीत. मी स्वतः लहानपणापासून अंगाने भरलेला, त्यामुळे तिचं हे बोलणं माझ्या मनात घट्ट बसलंय.

खेळांमध्ये मात्र जाड माणूस बहुतेक वेळा हसण्यापुरता येतो. ‘सॅन अँड्रियास’ आमच्या पिढीने सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन खेळला. त्यातला नायक सीजे बर्गर खाऊन सुटायचा, फारच हादडलं तर ओकायचा, आणि आजूबाजूची पोरं खिदळायची. ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ने निदान हिशोब नीट मांडला. तिथे साधारण माणूस ८० किलोपासून सुरू होतो आणि दोन्हीकडे घसरण्याची किंमत मोजतो. खुद्द ‘डोन्ट स्टार्व्ह’मधला वोल्फगँग पूर्वी पोट भरलेलं असलं की आडवातिडवा फुगून बलवान व्हायचा आणि उपाशी राहिला की चिपाड व्हायचा. २०२१मध्ये ‘टुगेदर’मध्ये त्याची ताकद भुकेपासून तोडून व्यायामावर नेली. तो बदल मला आजही पटलेला नाही. आणि याच खेळात विल्सनची पूर्ण वाढलेली दाढी थंडीपासून चांगलं संरक्षण देते. दाढीची ऊब चालते, मग चरबीची का चालू नये? हा प्रश्न मी ज्याला त्याला विचारत सुटलो होतो.

उत्तरं काय मिळाली, ते लिहिल्याशिवाय तुमचे आभार पुरे होणार नाहीत. एकाने जाड माणसांची चित्रं पाठवली, आणि त्याखाली दहाबारा जण हसून गेले. एकाने ऐकवलं की आधी लुआ, म्हणजे हे मॉड लिहायची प्रोग्रॅमिंगची भाषा, नीट शिकून ये. ज्या क्लासला मी घरून मागून फी भरली होती, तिथल्या सरांनी लॅपटॉपचा पडदा आपल्याकडे वळवलासुद्धा नाही. “असल्या गोष्टींना मार्केट नाही,” म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. आणि ज्यांनी खरंच मॉड उतरवून घेतला, त्यांचं एकच पालुपद, “आमच्याकडे चालतंय की.” माझ्या जगात पाहुणा म्हणून आलेल्या मित्राला वजन बदललेलं दिसत नाही, गुहा सुरू केल्या की मलाही दिसत नाही, हे मी सांगत राहिलो. प्रत्येकाने एकट्याने, गुहा बंद ठेवून खेळून बघितलं आणि मलाच खोटं पाडलं. चूक सापडली नाही याचं मला काही वाटत नाही, चूक कुणालाही सापडत नाही कधीकधी. पण समोरचा सांगतोय ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढं तर कुणालाही जमतं ना?

मग तुमचा फोटो आला.

तो मी इतक्यांदा बघितलाय की डोळे मिटूनही सांगेन. जेवणाचं टेबल. त्यावर शेजारी शेजारी दोन लॅपटॉप, एक तुमचा आणि एक बहुधा मुलीचा, कारण झाकणावर मांजरांचे स्टिकर. दोन्हीकडे एकच जग, शेकोटीशी उभा तोच विल्सन. डावीकडे वजनाच्या चकतीवर ९६, उजवीकडे ८०. त्या ८०वर तुमचं बोट टेकलेलं. मागे एक ताट, त्यावर दुसरं ताट झाकण घातलेलं. रात्रीचे साडेअकरा तुमच्याच पडद्याच्या कोपऱ्यात दिसतात. आणि खाली तुमचा निरोप: “तू सांगतोस तसंच होतंय. बघितलं मी.”

उपाय तुम्ही दुसऱ्या दिवशी सांगितलात. गुहा सुरू केल्या की आपलाच खेळ आपल्याच जगात पाहुणा होतो, खरा हिशोब सर्व्हरकडे, म्हणजे जग चालवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे, राहतो, आणि तो पाहुण्यापर्यंत मुद्दाम पोचवावा लागतो. उपाय मोलाचाच होता. पण मी सावरलो तो त्या फोटोने. कुणीतरी दिवसभराच्या नोकरीनंतर, जेवण झाकून ठेवून, मुलीकडून दुसरा लॅपटॉप मागून घेऊन, एका अनोळखी पोराचं म्हणणं खरं का खोटं ते बघितलं. मला तोवर खरंच वाटायला लागलं होतं की आपलंच डोकं ठिकाणावर नाही.

आणखी एक गोष्ट. तुम्ही माझ्या फाइलला हात लावला नाहीत. तुम्हाला ते दहा मिनिटांचं काम होतं. पण तुम्ही ओळीचा नंबर सांगितलात, खेळाच्याच फाइलींमध्ये भुकेचा आकडा पाहुण्यापर्यंत कसा पोचतो ते वाच म्हणालात, आणि मी अडेपर्यंत थांबलात. आज त्या मॉडमधली प्रत्येक ओळ मला समजावून सांगता येते.

अशी माणसं मला आधीही भेटली आहेत, त्यांचीही आठवण इथे काढतो. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातले काका पुस्तक हातात द्यायचे आणि परत करताना “कसं वाटलं?” विचारून खरंच उत्तर ऐकत उभे राहायचे. घरचा फ्यूज जोडून देणारे वायरमन मला स्टुलावर चढवून तार कुठे जळाली ते दाखवायचे. त्यांनी शिकवताना मला कधी लहान केलं नाही. त्यांना कुणी गुरू म्हणत नाही, पण माझ्यासारखी कितीतरी पोरं त्यांच्याच जिवावर पुढे सरकतात.

वजन घटण्याचा भाग तुमच्यामुळेच बरा झाला. माझ्या हिशोबात माणूस उपाशी राहिला की सरळ रेषेत बारीक व्हायचा. तुम्ही मिनेसोटा विद्यापीठातल्या १९४४-४५च्या प्रयोगाबद्दल सांगितलंत. अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं, पण शरीराने आपला खर्चही आवरता घेतला. ते वाचून मी नियम बदलला. आता पात्र जसजसं बारीक होतं, तसतशी त्याची रोजची ७५ची भूकही कमी होत जाते, आणि सोबत चालही मंदावते. शेवटच्या हिवाळ्यात एक मित्र असाच रखडत, हळूहळू चालत वसंतापर्यंत पोचला. “हे खरं वाटलं रे,” म्हणाला. तोच मित्र आधी मॉडच्या नावावरून मला चिडवत होता.

मॉडसोबतच्या माहितीत आभाराची एक ओळ टाकली आहे: “दोन लॅपटॉपवाल्या ताईंचे आभार.” एवढं तरी चालवून घ्या. नको असेल तर कळवा, काढतो.

आता उन्हाळ्याचं काम हाती घेतलंय. खेळात अंगाचं तापमान ७०च्या वर गेलं की माणूस होरपळायला लागतो, आणि थंडीत राखणारी चरबी तिथे नडायला हवी. किती नडावी, यावर माझं मन ठरत नाहीये. फार ठेवली तर पुन्हा जाड माणसाला शिक्षा दिल्यासारखं होतं, आणि ते मला करायचं नाही. पाहुणा म्हणून जोडून बघायला मी मामाचा जुना कॉम्प्युटर आणून ठेवलाय, त्यामुळे तुमचं रात्रीचं जेवण आता खोळंबणार नाही. रविवारी सवड झाली तर आकडे पाठवू का?

तुमचा,
वजनाच्या मॉडवाला