आजीच्या अंघोळीबद्दल

ती. आई-बाबांस, सा. न.

आजीला रोज अंघोळ झालीच पाहिजे, हा आग्रह आधी सोडा. आठवड्यातून दोनदा पुरे. एरवी काखा, जांघा आणि बसायची जागा रोज कोमट फडक्याने पुसली की झालं.

ती 'नको' म्हणते तो हट्ट नाही. डिमेन्शियात, म्हणजे तिच्या या विसरण्याच्या आजारात, खोल-उथळाचा अंदाज जातो. काळी मॅट तिला खड्डा वाटते, पांढऱ्या फरशीवर पांढरं स्टूल दिसतच नाही. मॅट फरशीच्या रंगाची, न घसरणारी घ्या आणि स्टूल लाल, रुंद पायांचं.

नाशिकच्या थंडीत सकाळी नकोच. दुपारी बाराला बघा. बाथरूम उबदार राहावं म्हणून दार लावून गॅस गीझर चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत शुद्ध हरपते. आधी दोन बादल्या भरा, गीझर बंद करा, खिडकी थोडा वेळ उघडी ठेवा, मग तिला आत न्या. पाणी कोपराने तपासा.

'अंघोळ करायची का?' विचारलंत की उत्तर ठरलेलं. 'आई, चला, पाय धुऊ या,' एवढंच तू तिला म्हण, आई. खांद्यावरचा टॉवेल काढू नकोस, त्यावरूनच पाणी घाल. उघडं पडायची लाज शाबूत असते. एक तांब्या तिच्या हातात दे. पायांपासून वर जा, तोंड शेवटी. केस वेगळ्या दिवशी. डोक्यावर एकदम पाणी आलं की ती घाबरून हात उगारते. नंतर स्तनांखाली, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत टिपून कोरडं कर. पावडर थापू नकोस, ओली होऊन तिचे गोळे होतात आणि कातडी सोलते. माकडहाड आणि टाचा बघ: लाली दाबूनही फिकी होत नसेल तर जखमेची सुरुवात समज. आणि एक-दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळली, तर 'आजार वाढला' म्हणून बसू नका. डॉक्टरांना दाखवा, लघवी तपासा. बऱ्याचदा जंतुसंसर्ग निघतो.

बाबा, सुनेने राबायचं आणि मुलाने पेपर वाचायचा, हे आता चालणार नाही. अंघोळ घालताना तुम्हाला अवघडतं, मान्य. पण बादल्या, गीझर, पुढून बटणांचा गाऊन, घालायच्या क्रमाने लावलेले कपडे हे तुमचं काम. स्टुलावरून उठवताना काखेत धरून ओढू नका, तिचा खांदा निखळेल आणि आईची कंबर जाईल. बुधवारी-शनिवारी दुपारी आजीजवळ तुम्ही बसा. आई कुठे जाते ते विचारू नका.

आई, फार चीड आली, रडू आलं, तर टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ लाव. मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

तुमचीच