न ओढलेल्या विड्यांचा हिशेब : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी, जागतिक सीओपीडी दिनी (सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा, दम लागण्याचा आमचा जुनाट आजार), आपण व्यासपीठावरून शब्द दिलात की यापुढे प्रत्येक रुग्णाचा प्रकार नेमका ओळखूनच उपचार होतील. मीही टाळ्या वाजवल्या. चौथ्या टाळीला दम लागला, ते सोडा.

परवा तो नवा अर्ज समोर आला. ‘धूम्रपान किती वर्षे?’ मी म्हटलं, शून्य. 35 वर्षं चुलीच्या धुरात गेली, पण विडीला हात लावलेला नाही. समोरच्या मुलाने शून्य टाकलं. संगणक पुढे जाईना. त्याने 20 टाकलं. लगेच गेला. झालं वर्गीकरण!

अहो, ‘गोल्ड’ या सीओपीडीवरच्या जागतिक उपक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांनी 2023 सालीच कारणांप्रमाणे प्रकार पाडलेत. सिगारेटचा वेगळा, चुलीच्या आणि हवेतल्या धुराचा वेगळा, संसर्गानंतरचा वेगळा, जनुकीय वेगळा. त्या जनुकीय प्रकारातली अल्फा-1 अँटिट्रिप्सिनची, म्हणजे फुप्फुसांना जपणाऱ्या प्रथिनाची कमतरता तर 1963 पासून माहीत आहे. प्रत्येक रुग्णाची ती एकदा तरी तपासावी, असं म्हणतात. मी विचारलं तर उत्तर आलं, “बाई, मोबाइलवर वाचत बसू नका.”

वाचू नको तर काय करू? दोन वर्षं मला स्टेरॉइडचा पंप दिला. रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिल पेशींचा आकडा छापून येतो. तो 300 किंवा वर असेल तर हा पंप उपयोगी पडायची शक्यता जास्त. 100 च्या खाली असेल तर फायदा नगण्य आणि न्यूमोनियाची भीती. माझा 80. सुनेने जुना रिपोर्ट काढून त्यावर बोट ठेवलं, तेव्हा मी न्यूमोनियाने दुसऱ्यांदा आडवी झाले होते. नाकात नळी, उशाला तीन उशा, रात्रभर बसून झोप. रिपोर्ट फाइलीतच होता, साहेब. फाइल उघडायची कुणी?

पण एकेकाला वेगळं औषध म्हणजे डोक्याला ताप. सगळ्यांना एकच पंप, खरेदी घाऊक, सही एक! 2019 साली जगात या आजाराने बत्तीस लाखांवर माणसं गेली. त्यातली किती आजाराने आणि किती कारभाराने, हा रकाना कुठल्या अर्जात आहे? दरवर्षी नवी योजना, नवं नाव, नवा फलक. फुंकायच्या तपासणीचं यंत्र मात्र दुरुस्तीलाच.

निदान माझी ती 20 वर्षं तेवढी खोडा. त्यांच्या जोरावर मला विडी सोडण्याच्या समुपदेशनाला बोलावलंय. मंगळवारी, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद आहे.

आपली,
कागदोपत्री विडी ओढणारी एक रुग्ण