दिवाळी पहाटेच्या तंतुवाद्य मैफलीसाठी आवाहन

सस्नेह नमस्कार.

हे पत्र गणपतीतच निघायला हवं होतं. आता नवरात्र तोंडावर आलंय, म्हणून सरळ विषयावर येतो. नरक चतुर्दशीच्या पहाटेची आपली मैफल यंदा होणार की नाही, हे दसऱ्याच्या आत ठरायचं आहे.

आपल्या वृंदात गायक नाही, निवेदक नाही. चार सतारी, तीन व्हायोलिन, एक सरोद, एक दिलरुबा आणि मागे चार तंबोरे. अभ्यंगस्नान उरकून ओल्या केसांनी आलेली मंडळी सतरंजीवर टेकतात, अंधारातच ललत राग सुरू होतो आणि तांबडं फुटता फुटता भटियार. ज्यांनी एकदा ऐकलं, त्यांना जास्त सांगायला नको.

तंबोरे चारही मिरजेचे. मिरजेच्या फरीदसाहेबांनी शिकलगारी, म्हणजे शस्त्रांना धार लावण्याचं काम, करता करता वाद्यं घडवायला घेतली आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा मिरजेत येऊन बोलू लागला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं ते स्टेटसला ठेवलं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब जिथं राहिले, त्या गावाच्या शेजारी, सांगलीत, आपण राहतो.

2019 च्या पुरानंतर वाद्यांची खोली उघडली, तेव्हा दोन तंबोरे गाळात आडवे होते. सरस सुटून तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) उचललेली, भोपळ्यात चिखल. त्या वेळी मिरजेच्या कारागिरांनी नवा भोपळा बसवून दिला आणि मजुरीला हात लावला नाही. "आधी वाजवायला लागा," एवढंच म्हणाले. गावभागातल्या काकूंच्या घरात कमरेइतकं पाणी होतं, तरी त्यांनी पेन्शनमधले पाच हजार आणून दिले. पावतीवर नाव घालू दिलं नाही, म्हणून इथंही घालत नाही. मार्केट यार्डातले आपले हळदवाले शेठ पहिल्या वर्षापासून सतरंज्या आणि चहा सांभाळतात, कधी आठवण करावी लागली नाही. आणि विश्रामबागचे सर! तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा इवलासा सरकवत, कान लावून बसायचे; सूर खुलला की "हां, आता बोलली" म्हणायचे. सतारी-तंबोऱ्यांची जवारी, म्हणजे सूर खुलवणारी घोडीची जुळणी, इतकी वर्षं त्यांनी प्रेमानं करून दिली. मार्चमध्ये सर गेले. त्यांची जागा भरून निघणार नाही, पण जवारी तर करून घ्यावीच लागेल, आणि तिचे पैसे आता मोजावे लागतील.

मनातलं एक लिहितो, राग मानू नये. गेल्या वर्षी पत्रकं घेऊन दारोदार फिरलो. "गाणी नाहीत? मग कोण येणार?" हे बऱ्याच उंबऱ्यांवर ऐकलं. एका ठिकाणी जाहिरात द्यायचं कबूल करून आदल्या दिवशी फोन उचलला नाही. पहाटे मात्र मांडव भरून बाहेर माणसं उभी होती. आनंद झाला, पण नंतर देणगीची पेटी उघडली तेव्हा वाईट वाटलं. मांडववाल्याची बाकी आम्ही तिघा-चौघांनी खिशातून भागवली.

खर्च असा: दुरुस्ती व जवारी 38 हजार, तारा 9 हजार, मांडव व ध्वनिव्यवस्था 45 हजार, कलाकारांचा प्रवास व फराळ 18 हजार, एकूण 1 लाख 10 हजार. जमा 41 हजार, हवेत 69 हजार. रोख असल्यास खजिनदारांकडे, पावती लगेच. ऑनलाइनसाठी कोड मंडळाच्या फलकावर आहे; पाठवल्यावर नाव कळवा, गेल्या वेळी तीन रकमा कुणाच्या ते अजून समजलेलं नाही. पैसे जमत नसतील तर पहाटे चारला सतरंज्या घालायला सहा जण हवेत, आणि घरात न वाजणारा तंबोरा असेल तर तोही चालेल.

खंडेनवमीला वाद्यं पूजेत मांडायची आहेत. त्याआधी ती मिरजेहून दुरुस्त होऊन यायला हवीत, म्हणून रक्कम याच आठवड्यात पोचवावी. तालीम रोज संध्याकाळी सातला, नेहमीच्या जागी. येऊन ऐका, मग ठरवा.

आपला,
कार्यवाह